कर्कवृत्ताची फेरी

उज्जैनमधल्या माधव नगरच्या आमच्या घरात बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. कापडावर चिकटवलेला, वर आणि खाली लाकडी दांडी असलेला, शाळेत असतो तसा. वडील शाळेत भूगोल शिकवत. त्यांना आम्ही नाना म्हणत असू. संध्याकाळी ते या खोलीत भरतीच्या परीक्षांचा क्लास घेत. बँक, रेल्वे, विमा, जी जाहिरात निघेल तिचा. मुलं सतरंजीवर बसत आणि नानांना माट्साब म्हणत. क्लास हिंदीत चाले, घर मराठीत, आणि दोन्हींमध्ये फक्त एक पडदा होता.

क्लास सुरू करण्याची नानांची पद्धत ठरलेली होती. ते छडी उज्जैनवर टेकवत आणि म्हणत, "चलो, पश्चिम." मग पहिल्या मुलानं कर्कवृत्तावरून पश्चिमेला निघाल्यावर काय लागतं ते सांगायचं, दुसऱ्यानं त्यापुढचं. गुजरात, अरबी समुद्र, ओमान, अमिरात, सौदी अरेबिया, लाल समुद्र, इजिप्त, असं करत अटलांटिक ओलांडायचा, मेक्सिकोतून पॅसिफिकमध्ये उतरायचं, आणि चीन, ब्रह्मदेश, बांगलादेश करत परत घरी यायचं. चुकेल त्यानं उभं राहायचं. याला ते फेरी म्हणत. कर्कवृत्त खरं म्हणजे उज्जैनच्या थोडं उत्तरेकडून जातं. नानांनी ते सोयीसाठी गावातून नेलं होतं आणि तसं ते दर वर्षी नव्या मुलांना सांगतही. फेरी कुठल्याच परीक्षेत विचारली जात नसे.

क्लासात शेवटच्या रांगेत ताई बसे. माझी थोरली बहीण. एम.ए. झाल्यापासून ती बँकेच्या भरतीच्या परीक्षा देत होती. दोनदा लेखी पास होऊन मुलाखतीपर्यंत गेली होती आणि दोन्ही वेळा तिथंच राहिली होती. वयाच्या अटीप्रमाणे त्या उन्हाळ्यातली परीक्षा तिची शेवटची होती. घरात सगळ्यांना हे माहीत होतं, आणि म्हणून त्यावर कोणी बोलत नसे.

त्याआधीच्या हिवाळ्यात सोव्हिएत संघ मोडला. मी तेव्हा फ्रीगंजमधल्या एका हिंदी दैनिकात नवा होतो. टेलिप्रिंटरवर येणाऱ्या इंग्रजी बातम्या हिंदीत करणं हे माझं काम. ज्या देशांची नावं आम्ही कधी लिहिली नव्हती ती एकाच आठवड्यात पुन्हा पुन्हा येऊ लागली, आणि किर्गिझस्तान कसं लिहायचं यावर डेस्कवर रोज वाद होई. नाना सकाळी चहाच्या वेळी माझ्याकडून नावं आणि राजधान्या विचारून घेत. टावर चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानात ते नव्या नकाशासाठी तीनचार वेळा जाऊन आले. दुकानदारानं सांगितलं, छपके आएगा तब मिलेगा. तेव्हा नानांनी आमच्याच पेपरात आलेला पुसट नकाशा समोर ठेवून, भिंतीवरच्या गुलाबी सोव्हिएत संघावर निळ्या शाईनं पंधरा देशांच्या सीमा आखल्या. ताईनं स्टूल धरलं होतं.

क्लासात याची चर्चा झाली. एका किराणा दुकानदाराचा मुलगा सगळ्यांत बोलका होता. त्यानं विचारलं, "माट्साब, पेपर तो पुराना ही छपा होगा. उसमें सोवियत संघ आ गया तो?"

"जो है वो लिखना," नाना म्हणाले. "जो नहीं रहा, उसका भूगोल नहीं होता. उसका इतिहास होता है."

मुलं हसली. पुष्कळांनी ते वाक्य लिहून घेतलं.

त्याच उन्हाळ्यात सिंहस्थ होता. सिंहस्थात उज्जैनमधलं कुठलंच घर आपलं राहत नाही. वर्षानुवर्षं पत्र न पाठवणारे नातेवाईक आदल्या आठवड्यात पोस्टकार्ड टाकतात आणि पुढच्या आठवड्यात बिछान्यासकट उतरतात. आमच्याकडे नाशिकहून आत्या आली, तिच्याबरोबर तिच्या आळीतल्या आणखी तिघी. क्लास महिनाभर बंद ठेवावा लागला. बाहेरच्या खोलीत त्यांची अंथरुणं पडली. नकाशाच्या वरच्या दांडीवर आत्याचं ओलं पातळ वाळत असे. उत्तर गोलार्ध बहुतेक वेळ झाकलेला.

आत्याला उज्जैनचं काही पटत नव्हतं. सिंहस्थ आमच्याकडेही आत्ताच झाला, पण एवढी धूळ नव्हती, असं ती रोज म्हणे. आमचं मराठी म्हणजे निम्मं हिंदीच आहे, हेही रोज. ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसलेली असे, कारण दुसरी जागाच नव्हती. तिथून सगळ्यांना तिला ओलांडून जावं लागे.

"कुठला देश कुठे आहे हे कळून बाईमाणसाला करायचंय काय?" आत्या एकदा पाणी प्यायला आली असताना म्हणाली. "सासर कुठे आहे एवढं कळलं की पुरे."

"तेच नकाशात सापडून नाही राहिलं, आत्या," ताई म्हणाली.

आत्या हसली. तिला ताई आवडत असे. संध्याकाळी तिनं आईजवळ नाशिकच्या एका स्थळाचा विषय काढला. मुलगा सरकारी खात्यात, वय थोडं जास्त. आईनं परीक्षेचा निकाल लागेपर्यंत थांबायला सांगितलं. आत्या म्हणाली, थांबा, पण ते थांबतील असं नाही.

परीक्षेचं केंद्र इंदूरला होतं. मी सुटी घेऊन ताईबरोबर गेलो. जाताना आणि येताना बस यात्रेकरूंनी भरलेली. येताना आम्हाला मागच्या बाकावर जागा मिळाली. वाटेतलं सांवेर गाव मागे पडलं. मग ताईनं सांगितलं की तो प्रश्न आला होता. क्षेत्रफळानं जगातला सर्वांत मोठा देश कोणता. पर्याय चार: कॅनडा, चीन, सोवियत संघ, इनमें से कोई नहीं. रशिया नव्हता.

"आधी सोव्हिएत संघच भरलं होतं," ती म्हणाली. "मग खोडून 'कोई नहीं' केलं."

मी का म्हणून विचारलं.

"पेपर काढणाऱ्याला काय पाहिजे ते मला दिसत होतं. त्यानं हा प्रश्न दरवर्षीसारखा टाकला असेल, त्याच्या डोक्यातही नसेल." ती खिडकीबाहेर बघत होती. "पण ते स्टूल आठवलं. शाई अजून वाळली नव्हती आणि नाना खाली उतरून लांबून बघत होते, नीट आलंय का. मग नाही ठेवता आलं."

घरी पोचल्यावर नाना दारातच उभे होते. पेपर कसा गेला हे विचारायच्या आधी त्यांनी तो प्रश्न आला का, हे विचारलं. गल्लीतल्या दोन मुलांकडून त्यांना कळलं असावं. ताईनं सांगितलं, आला होता, आणि तुम्ही सांगितलं तेच लिहिलं. नाना बरं म्हणाले. तिला पाणी द्या, असं आत ओरडून सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. आत्यानं एवढ्या उन्हात मुलीला कशाला पाठवता म्हणून सगळ्यांना ऐकवलं आणि पातळ काढून घेतलं.

निकालाचे क्रमांक पेपरात छापले जात. ते आमच्या ऑफिसात आदल्या संध्याकाळी आले. ताईच्या क्रमांकाच्या मागचा होता, पुढचाही होता. सकाळी मी पेपर घेऊन घरी गेलो. नानांनी बोटानं रांग दोनदा तपासली आणि घडी घालून पेपर टेबलावर ठेवला. त्या दिवशी ताईनं नेहमीप्रमाणे पोळ्या केल्या.

किराणावाल्याचा मुलगा पास झाला होता. तो पेढे घेऊन आला आणि नानांच्या पाया पडला. नानांनी त्याला बसवलं, आई-वडिलांची चौकशी केली. मग विचारलं, "वो सबसे बड़े देश वाला, क्या लगाया था?"

मुलानं पडद्याकडे पाहिलं. ताई आत होती. "सोवियत संघ, माट्साब," तो हळू म्हणाला.

"हाँ," नाना म्हणाले, आणि पेढा खाल्ला.

तो गेल्यावर ताई बाहेर आली. तिनं जे म्हटलं ते समजुतीच्या सुरात नव्हतं, कंटाळ्याच्या होतं. एका प्रश्नानं काही होत नाही, नाना, एवढंच.

"एकानंच होतं," नाना म्हणाले. "इतकी वर्षं मुलांना हेच सांगत आलो. एका मार्कानं राहतात."

उत्तरपत्रिका कोणाला दाखवत नसत. प्रश्नपत्रिकाही परत द्यावी लागे. ती कशानं राहिली हे आम्हाला कधीच कळलं नाही. तपासणाऱ्यांनी तो प्रश्न रद्दही केला असेल. बातमी म्हणून लिहायची झाली तर यात एकही गोष्ट खात्रीची नाही. नानांची मात्र खात्री झाली होती.

नाशिकचं स्थळ थांबलं नाही. पावसाळ्यानंतर नव्या मुलांचा क्लास सुरू व्हायला हवा होता. मुलं दोनदा विचारून गेली. नानांनी तब्येतीचं कारण सांगितलं. तब्येत ठीक होती.

दिवाळीनंतर क्लास ताईनं सुरू केला. ती तो नानांपेक्षा चांगला घेत असे. हे मुलं म्हणत आणि ते खरं होतं. तिनं जुने प्रश्न मुलांच्या आठवणीतून गोळा केले. कुठला प्रश्न फिरून फिरून येतो आणि पर्यायांपैकी कोणता नुसता जागा भरायला घातलेला असतो, ते ती दाखवी. "अपने को देश नहीं ढूँढना है," ती सांगे, "पेपर निकालने वाले को ढूँढना है." पुढची काही वर्षं बाजारातल्या गाइडांमध्ये सोव्हिएत संघ तसाच छापून येत होता. तो पर्यायात दिसला तर डोळे मिटून लावा, असं ती शिकवी. पडद्याआड नाना पेपर वाचत बसलेले असत. पेपराचं पान मध्येच उलटायचं थांबलेलं मला पुष्कळदा ऐकू येई.

नवा नकाशा अखेर दुकानात आला. नानांनी तो आणला आणि आतल्या खोलीत लावला. बाहेर जुन्याच्या जागी ताईनं फळा टांगला होता. फेरी बंद झाली. तिच्यासाठी वेळ नव्हता.

मग भरत्याच कमी होत गेल्या. बँकांच्या जाहिराती एखाद्या वर्षी निघत, एखाद्या वर्षी नाही. टावर चौकात वातानुकूलित कोचिंग उघडलं आणि मुलं तिकडे वळली. उरली ती कॉम्प्युटर शिकायला जाऊ लागली. ताईच्या सतरंजीवर सहासात जण राहिले. तिनं सकाळी एका खाजगी शाळेत नोकरी धरली आणि संध्याकाळचा क्लासही चालू ठेवला.

अशाच एका संध्याकाळी लाईट गेली. मी घरी होतो. तेव्हा ती रोजच जाई. मुलं अंधारात बसून राहिली. एकीनं विचारलं, "दीदी, छुट्टी?"

"नहीं," ताई म्हणाली. तिनं हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "उज्जैन से सीधे पश्चिम चलो. कर्क रेखा पर. क्या आएगा?"

कोणीतरी गुजरात म्हणालं.

"आगे?"

"पाकिस्तान."

"समुद्र," पडद्याआडून नाना म्हणाले. "पाकिस्तान ज़रा ऊपर रह जाता है."

मुलं दचकली, मग हसली. ओमान ताईनं सांगितलं. सौदी अरेबिया त्यांना आलं, इजिप्त एकाला आलं, लिबिया नानांनी पुरवलं. अल्जीरियापर्यंत पोचले तेव्हा लाईट आली. ताईनं पुस्तक उघडलं आणि राहिलेला प्रश्न वाचायला घेतला.

आत नाना जागेवरून हलले नव्हते. माली, ते हलक्या आवाजात म्हणाले. मग मॉरिटानिया.