मधेच थांबलेली धार

आमच्या देवळाच्या पुजाऱ्यांना पोरंटोरं 'मुके गुरुजी' म्हणतात. माणूस मुका नाही. दुपारी देवळाच्या पायरीवर बसले, की कुणाच्या सुनेला कितवा महिना लागला इथपासून कुणाची म्हैस का आटली इथपर्यंत सगळं बोलतात. बाळाचं नाव सुचत नाही, भावाभावांत भिंतीवरून जुंपली, कुणाचं घरात मन लागत नाही, की गावाचे पाय त्यांच्याकडेच वळतात. पण पहाटे अंगावर पहिला तांब्या घेतला की आरती होईपर्यंत मंत्रांखेरीज तोंडातून अवाक्षर नाही. अडतीस वर्षांचा नेम. थोरल्या लेकीला कळा सुरू झाल्याचा निरोप आला, तेव्हासुद्धा पिंडीवरची धार संपवूनच उठले. काकू, म्हणजे त्यांची बायको, अजून ऐकवतात, "देवाशीच संसार करायचा होता, तर मला कशाला बोहल्यावर उभं केलंत?"

मंगळवारी सकाळी मी फुलं घेऊन गेले, तेव्हा अभिषेक सुरू झाला होता. एका हाताने तांब्या कललेला, पाण्याची बारीक धार, आणि मंत्र. अकरा आवर्तनं होईपर्यंत ती धार तुटू द्यायची नसते. सभामंडपात आम्ही आठ-नऊ बायका होतो. तेवढ्यात थोरले भावजी आले, माझ्या यजमानांचे वडीलभाऊ. देवळाच्या समितीचे अध्यक्ष. बरोबर परगावचे व्याही. व्याह्यांना देवाचा चांदीचा मुखवटा दाखवावा म्हणून त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं. कपाट रिकामं!

"सकाळपासून इथे कोण कोण होतं?" भावजींनी विचारलं.

कोण असणार? गुरुजी, आणि झाडलोट करणाऱ्या मावशी. त्या मागच्या खोलीच्या दाराशी बादली घेऊन उभ्या होत्या. सतरा वर्षं त्या देऊळ झाडतात.

"मी कपाटाला हात लावत नाही हो दादा. लावायचं कारणच काय?" मावशी म्हणाल्या.

भावजी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेले. "गुरुजी, मुखवटा कुठाय?"

गुरुजींची धार हलली नाही. पण त्यांनी डावा हात उचलून मागच्या खोलीकडे बोट केलं आणि दोनदा जोरात मान हलवली. त्या बोटाच्या रेषेत नेमक्या मावशी उभ्या.

"बघा! गुरुजींनीच खूण केली!" भावजी गरजले.

आत गुरुजी मंत्रांच्या मधेच "हूं, हूं" करून मान आडवी हलवू लागले. पण आता त्यांच्याकडे बघतो कोण? व्याह्यांसमोर भावजींना माघार घेता येईना. "पिशवी दाखव," ते मावशींना म्हणाले.

"दादा, तुमच्या लग्नातली उष्टी खरकटी मी काढली आहेत. माझी पिशवी बघणार तुम्ही?"

"चोराच्या मनात चांदणं! काही नसेल तर घाबरतेस कशाला?"

पिशवी त्यांनी हिसकावली आणि फरशीवर उलटी केली. दोऱ्याने बांधलेला चष्मा, गोळ्यांचं पाकीट, जेवणाचा डबा, एक जुनं पातळ. डब्याचं झाकण गडगडत माझ्या पायाशी आलं. मी ते उचललं नाही. थोरल्या दिरांसमोर आमच्या घरात बायका तोंड उघडत नाहीत, असं मी मनाला सांगत राहिले. बाकीच्यांनी मनाला काय सांगितलं ते त्यांनाच ठाऊक.

"आता कमरेचं सोड. पदर झाड," भावजी म्हणाले.

मावशींनी दोन्ही हातांनी पदर छातीशी आवळला. पण रडल्या नाहीत. मी आत बघितलं. गुरुजींच्या हातातली धार वेडीवाकडी पडत होती. सातवं आवर्तन चालू होतं, अजून चार बाकी. आणि मग पाण्याचा आवाजच थांबला.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. ओल्या सोवळ्यातच उंबरा ओलांडून बाहेर आले.

"मी काढलाय मुखवटा," ते म्हणाले. इतक्या वर्षांत सकाळच्या वेळी मंत्रांखेरीज त्यांचा शब्द कुणी ऐकला नव्हता. "काळा पडला होता. मागच्या खोलीत घंगाळात रिठ्याच्या पाण्यात भिजत घातलाय. बोट मी घंगाळाकडे केलं होतं."

मग खाली बसून त्यांनी मावशींचा चष्मा उचलला, पाकीट उचललं. माझ्या पायाशी येऊन झाकणही उचललं. माझ्याकडे बघितलं नाही.

"अहो, सोवळ्यात आहात! पूजा मोडलीत, वर शिवाशिव! गावाला काय भोगावं लागेल!" भावजी ओरडले.

"लागेल ते माझ्या नावावर लागू दे. पुन्हा अंघोळ करतो, पहिल्यापासून करतो."

तोवर मावशी पिशवी काखेला मारून निघून गेल्या होत्या. बादली तशीच होती.

बुधवारी देऊळ गुरुजींनी स्वतः झाडलं. आरती झाली, तीर्थ घ्यायला रांग लागली. पुढे भावजी. त्यांनी तळहात पसरला. गुरुजींनी पळीत तीर्थ घेतलं, पण पळी ओतली नाही.

"आधी मावशींच्या घरी जाऊन या."

"गुरुजी, समितीने ठेवलंय तुम्हाला. विसरू नका."

"समितीने काढलं तर जाईन. आज पळी माझ्या हातात आहे."

भावजींचा हात तसाच राहिला. कान लालबुंद. मी त्यांच्या मागेच होते. वाटलं, आता हे तांब्या भिरकावतात. मी हळूच तीर्थासाठी माझा हात पुढे केला. गुरुजींनी पळी परत पंचपात्रात टाकली.

"पिशवी उलटी झाली तेव्हा तुम्हीही इथेच होतात ना, वहिनी? चूक माझ्या बोटाची होती, म्हणून मी काल संध्याकाळीच त्यांच्या दारात जाऊन आलो. त्यांनी दार उघडलं नाही. मी उंबऱ्याशीच बोलून आलो."

भावजींनी चपला पायांत सरकवल्या आणि खालच्या गल्लीत मावशींच्या घराकडे चालू लागले. त्यांच्यामागे मी. आणि मग एकेक करत कालच्या सगळ्या बायका.

मावशींनी या वेळी दार उघडलं. भावजी जमिनीकडे बघत पुटपुटले, "चुकलं." मीही हात जोडले. मावशींनी आम्हाला एकेकीला नीट न्याहाळलं.

"उद्यापासून येईन," त्या म्हणाल्या. "गुरुजींची कंबर धरली असेल झाडून. पण तुम्हाला माफ केलं असं समजू नका. त्याला वेळ लागेल."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.