बाबली आणि चवथीची बारा माणसं

डिचोलीत गोकुळदासबाबांची हॉटेलांना आणि कारखान्यांना माणसं पुरवणारी कचेरी होती. तिथे बाबली शिपाई. सुर्ल्याच्या खाणी बंद पडल्या तेव्हा तो खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकवरून उतरला आणि इथे चहाचा ट्रे धरून उभा राहिला, तो राहिलाच. दर दिवाळीला उत्कृष्ट कर्मचाऱ्याचा सत्कार व्हायचा. शालीचं तबक बाबली आणायचा, खांदा दुसऱ्याचा असायचा.

नोकरी शोधणारी पोरं मात्र आत जाण्याआधी त्याच्याच बाकड्यावर टेकत.

"साहेबाने विचारलं, पाच वर्षांनी कुठे असशील, तर इथेच गावात, पार्शात, म्हणू नको," तो सांगे. "आणि आधी चप्पल धू मरे, शेण लागलंय."

यंदा पेडण्यात नवी शाखा निघणार होती. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाला गणेशचवथीच्या दिवशी बारा माणसं हवी होती. जो ती आणील तो शाखेचा प्रमुख, असं गोकुळदासबाबांनी जाहीर केलं.

पुण्याला शिकून आलेल्या, कचेरीतल्याच मधुकरने पंधरा जणांना फोन केले, दुप्पट पगार कबूल केला आणि नावं टाईप करून भिंतीवर लावली.

बाबलीने यादी वाचली. "मधुकरबाब, या पंधराही घरांत गणपती आहे. तोंडावर नाही म्हणायला लाजले असतील. येणार कोणी नाही."

"मग तू आण!"

"प्रमुख करणार असाल तर आणतो," बाबली म्हणाला, आणि स्वतःच्याच धिटाईला घाबरून ट्रे घेऊन पळाला.

आतून गोकुळदासबाब ओरडले, "आण रे! शब्द माझा!"

बाबलीचा हिशेब साधा होता. सुतक असलेल्या घरात गणपती आणत नाहीत. स्कूटर काढून तो गावोगाव सुतक शोधत फिरला. पार्शात एका म्हातारीने झाडू उगारला, "मी अजून जिती आसंय रे मेल्या!"

चवथीच्या चार दिवस आधी कोरगावात शहाण्णव वर्षांचे सदाशिवआजोबा गेले. सगळ्या भावकीला सुतक लागलं. नऊ घरांतली तरणी पोरं पायऱ्यांवर तोंड पाडून बसली. बाबली आधी रीतसर भेटून आला, मग हळूच म्हणाला, "चवथीला घरात बसून शेजाऱ्यांच्या आरत्या ऐकणार? तिथे एसी आहे."

अकरा जण तयार झाले. बारावा मिळेना.

चवथीला घरची आरती आटोपून बाबलीने हॉटेलचा शर्ट चढवला. त्याच्या बायकोने, गंगाने, कमरेवर हात ठेवले. "अहो, देव पाटावर आणि तुम्ही परक्यांची भांडी घासणार?"

"आजचाच दिवस गे. प्रमुख व्हायचंय."

"देवाला काय सांगू?"

"मुलाखतीला गेलाय म्हण."

तिला हसू आलं. तिने डबाभर नेवऱ्या, चवथीच्या करंज्या, बांधून दिल्या, सुतकातल्या पोरांनाही पुरतील एवढ्या.

मधुकरच्या पंधरांपैकी एकही आला नाही. फोन सगळ्यांचे बंद. संध्याकाळी गोकुळदासबाब हॉटेलात आले, तेव्हा बाबली कोपरापर्यंत साबणात होता. त्यांनी माणसं मोजली, हॉटेलच्याच कागदावर नेमणूक लिहिली, सही केली.

बाबलीने हात पुसून कागद दोनदा वाचला. मग उरलेल्या जागेत त्याने एक अर्ज लिहिला: घरी पाच दिवसांचा गणपती, उद्यापासून चार दिवस रजा मिळावी. अर्जदार बाबली. पेडणे शाखेच्या प्रमुखाने अर्ज काळजीपूर्वक वाचला, अर्जदार भरवशाचा वाटला, म्हणून तिथल्या तिथे मंजूर केला.