चामटोलीच्या गोठ्यातला खुंटा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. आता तुम्हाला सांगतानाही वाटतंय — माझ्या आवाजावरूनच तुम्हाला संशय आला असेल का?

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. म्हणून आमच्या गावी, चामटोलीला, शेताचा बांध उकरताना गंजलेला तोफगोळा निघाला, तेव्हा काकाने मलाच विचारलं, "बाय, तू केमिस्ट्रीवाली. फुटंल काय गो हा?" दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या भागात लष्कराची छावणी होती, एवढंच मला ठाऊक. पण सगळे माझ्याकडे बघत होते — आणि मी म्हणाले, "इतकी वर्षं मातीत होता, मेला असेल आतून." काका हसला. "म्हंजे दात पडलेला म्हातारा!" त्याने तो गोठ्यात उभा गाडला. म्हशीला बांधायला खुंटा.

पुढे कॉलेजात सरांना सहज विचारलं. ते म्हणाले, लोखंड गंजतं, पण आतली दारू जुनी झाली म्हणून मरत नाही. उलट कधी कधी ती धातूशी मिळून पिवळा थर धरते आणि आणखी नाजूक होते. साधा ठोकाही पुरतो.

हे कळल्यावर मी काय केलं? सुट्टीत गावी गेले — आणि गप्प बसले. खुंट्यावर पिवळसर पापुद्रा दिसला. शेणाचा डाग होता, की दुसरं काही? म्हशीने दोर ओढला की मी दचकायची. पण सांगितलं तर सगळे विचारणार, मग तेव्हा कशाच्या जोरावर बोललीस?

एका सकाळी खुंटा हलायला लागला म्हणून काकाने घण उचलला. त्याची धाकटी सोनी खुंटा दोन्ही हातांनी सरळ धरून बसली होती. मी पाहिलं. ओरडले नाही. पडवीच्या भिंतीआड जाऊन उभी राहिले — कान दाबून.

काही झालं नाही. दुपारी मी पोलिसांना फोन केला. पथक आलं, गोळा घेऊन गेलं. जिवंत होता, म्हणाले. गावात अजून सांगतात, पोरीने ओळखलं म्हणून वाचलो. मी ऐकून घेते. काकाही सांगतो — पण सांगताना माझ्याकडे बघत नाही. त्याने मला भिंतीआड जाताना पाहिलं होतं का? की हाही माझाच संशय?

त्याने पाहिलं असो, नसो. मी गेले होते. सोनीला हाक न मारता.