पुढचं जनावर ओझं घेत नाही

१९६२ साली मी एकवीस वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत. पण जनावर लादण्यात माझा हात धरणारा अख्ख्या कंपनीत कोणी नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा दारव्ह्यापासून चार कोसांवर. माझे दादा, म्हणजे आमच्या बोलीत आजोबा, सांगायचे की आपल्या वाडवडलांनी बैलांवर धान्य अन् मीठ लादून फौजांच्या मागं सारा मुलूख पालथा घातला. बादशहाची फौज असो का निजामाची, तिचं पोट आमच्या बैलांच्या पाठीवर. मग इंग्रजानं सडका केल्या, आगगाडी आणली. इथला कापूस गाडीनं बंदरावर, तिथून विलायतेत, अन् त्याचंच कापड होऊन पुन्हा दारव्ह्याच्या बाजारात. बैलाला काम उरलं नाही. तांडे जिथं होते तिथं बसले आणि नांगर धरला. दारव्ह्याची छोटी गाडी दिसली की दादा तिच्याकडं पाठ करून उभे राहायचे. मी भरतीसाठी त्याच गाडीत बसलो तेव्हा म्हणाले, "जाय. पण तिले रामराम नको घालू."

भरतीच्या साहेबानं विचारलं, काय येतं? म्हटलं, जनावर लादता येतं. मला अॅनिमल ट्रान्सपोर्टमध्ये घेतलं, खेचरांवर. हुद्दा ड्रायव्हर. तांड्यात सगळ्यांना वाटलं थावरा मोटार चालवून राह्यला. मी कोणाचा गैरसमज काढला नाही.

पोस्टिंग मिळालं पूर्वेच्या बर्फाच्या डोंगरात. ट्रक रोडहेडपर्यंत, म्हणजे सडक संपते तिथवर यायचे. विमान वरून बंडलं टाकायचं, त्यातली अर्धी दरीत जायची. शेवटचे चार कोस खेचरच. फिरून फिरून काम आमच्याच घरी आलं होतं. दादांना तसं कळवलं. ते फार हसले म्हणे.

सकाळी पाचला रिव्हेली, उठायचा बिगुल. आधी खेचराला मालिश, पाणी, दाणा. मग आपला चहा. आमच्या तुकडीत दहा खेचरं. पुढं राणी, तिच्या गळ्यात घंटी. बाकीची त्या आवाजामागं. तुकडीवर हवालदार बचनसिंग, पंजाबचा, सहा फूट उंच, आवाज त्याहून मोठा.

आमच्या लोकांची एक रीत होती. तांडा चालताना सर्वांत पुढच्या बैलावर ओझं टाकायचं नाही. तो वाट पारखतो. पहिल्याच आठवड्यात मी हवालदारांना सांगितलं.

"साब, आगेवाला जानवर खाली रखना."

"क्यों? लाटसाहब है?"

"वो रस्ता देखता है."

"रस्ता मैं देखता हूँ. तू रस्सी देख."

असं सहा महिने चाललं. दर वेळी मी सांगायचो, दर वेळी ते नाही म्हणायचे. दोघांपैकी कोणीच थकलं नाही.

नोव्हेंबरात चिनी फौज बगलेनं सरकायला लागली. वरच्या पोस्टवर आपले बत्तीस जवान होते. एका सकाळी सहाला सिग्नलच्या तंबूत वायरलेस सेटवर त्यांचा आवाज आला.

"बेस, बेस. बॅटरी खत्म हो रही है. ओव्हर."

"नई बॅटरी भेजते हैं. सेट बंद करो. तीन बजे खोलना. आउट."

पोस्ट सोडायचा हुकूम त्याच दिवशी निघणार होता. कितीला, ते अजून ठरलं नव्हतं. सेट मेला असता तर हुकूम पोचला नसता आणि बत्तीसच्या बत्तीस तिथंच वेढले गेले असते.

बॅटऱ्या आमच्याच तुकडीनं न्यायच्या होत्या. हवालदार तंबूत असताना मी लादायला घेतलं. राणीच्या वाट्याची पिठाची पोती सोडली आणि थोडं थोडं नऊ खेचरांवर वाटलं. वीस शेर उरलं, ते माझ्या पाठीवर. पुसदचा शेषराव माझ्याच तुकडीत ड्रायव्हर होता. तो बघत होता.

"काहून बे थावऱ्या, राणीले आज उपास आहे काय?"

"तू आपल्या खेचराचा पट्टा पाय."

"हवालदार तुलेच खोगीर घालते आज!"

सातला निघालो. नऊ चाळीसला पहिला हॉल्ट. हवालदारांनी राणीच्या पाठीवरची ताडपत्री उचलली. खाली नुसतं खोगीर.

"किसका काम है?"

"मेरा, साब."

पुन्हा लादायला वेळ नव्हता. ते एवढंच म्हणाले, "वापस जाके पेशी. साहब के सामने."

"लगाओ, साब."

पावणेएकला धुकं उतरलं. वाट बर्फाखाली. एका वळणावर राणी थांबली.

"हाँको!"

मी दोर ओढला. ती हलली नाही. पुढचा खूर टेकवून पाहिला, उचलला, आणि दोन पावलं मागं आली. रिकामी होती म्हणून आली. ओझ्याखालचं खेचर तसल्या अरुंद वाटेवर मागं येऊ शकत नाही. मागचं ढकलतं आणि ते पुढंच जातं. हवालदारांनी पुढं होऊन काठी खुपसली. बर्फाची सगळी कड खाली गेली. बराच वेळ आवाज आला नाही. मग आला.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणाले, "ऊपर से."

वरच्या बाजूनं राणीनं वाट काढली. दोन चाळीसला बॅटऱ्या पोस्टवर. तीनला सेट उघडला. तीन दहाला हुकूम आला: "पोस्ट छोड़ो. फौरन. आउट."

तीन जखमी होते. ज्याची मांडी फुटली होती त्याला राणीवर बसवलं. ताजी पाठ तिचीच होती. हवालदारांनी आपल्या पगडीची पट्टी फाडली आणि घंटीत कोंबली, शत्रूला आवाज जाऊ नये म्हणून. स्वतः आठ जणांबरोबर मागं कव्हरला थांबले.

"तू ले जा सबको. मैं आता हूँ."

"और पेशी, साब?"

"होगी. पक्की होगी." आणि हसले. सहा महिन्यांत तेवढंच एकदा.

चार वीसला वर फायरिंग सुरू झाली, पावणेपाचला थांबली. आम्ही रात्री दहाला खाली पोचलो. मागच्या आठांतले सहा आले. हवालदार बचनसिंग आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला उठलो. मालिश, पाणी, दाणा केलं. मग टोपी आणि पट्टा काढून ठेवला, गुन्हेगारानं पेशीला तसंच जायचं असतं.

शेषराव म्हणाला, "कुठी चालला?"

"पेशीले."

"येडा झाला काय बे? पेशी लावणारा राह्यला नाही. कोणाले माहीत आहे?"

"मले माहीत आहे."

कंपनी कमांडरसाहेबांसमोर उभा राहिलो. हुकूम मोडून पुढच्या खेचराचं ओझं काढलं, हे सांगितलं.

"चार्ज किसने लगाया?"

"हवालदार बचनसिंगने, साब."

साहेबांनी कागद पुढं ओढला. मग लिहिलं. "सात दिन लाईन." म्हणजे ड्यूटी सोडून सात दिवस छावणीबाहेर पाऊल नाही.

बाहेर येऊन टोपी-पट्टा चढवला. राणीच्या घंटीतली पगडीची पट्टी काढून खिशात ठेवली. नऊ खेचरं लादली. राणीवर फक्त खोगीर घातलं, आणि निघालो.