दाजींनी वादीत आडवी लावलेली गाडी

आमच्या दाजींइतका गाड्यांवर अविश्वास असणारा ड्रायव्हर पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. हे माझे थोरले साडू, राहणार लातूर. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो; मी शाळेत शिकवतो, म्हणून ते मला सर म्हणतात. तीस वर्षं त्यांनी लग्नाच्या वऱ्हाडाची बस चालवली, पण रोज सकाळी तिच्याकडे असे बघायचे, जणू तिनं रात्रीतून ब्रेक काढून लपवले असावेत. कुणाचीही गाडी असो, तीन प्रदक्षिणा घालून, प्रत्येक चाकाला लाथ मारून आणि स्टेपनी हातानं दाबून पाहिल्याशिवाय ते आत बसत नाहीत. माझ्या मेहुण्यानं नवी कोरी गाडी घेतली, तेव्हा पेढा हातात धरून दाजी आधी गाडीखाली शिरले होते. बाहेर येऊन म्हणाले, "हां, आता द्या पेढा."

त्यांची मुलगी मस्कतला नोकरीला. तिनं आम्हा दोन्ही जोडप्यांना बोलावलं आणि फिरायला चार दिवस गाडी भाड्यानं घेऊन दिली. परदेशात चालवायचा परवाना दाजींनी लातूरहूनच काढून आणला होता. गाडी देणारा केरळी तरुण म्हणाला, "नवी आहे, अंकल." दाजी पांढऱ्या लेंगा-सदऱ्यानिशी फरशीवर आडवे झाले आणि खालून बोलले, "नवी हाय म्हणून चांगली हाय, असं कुणी सांगितलं?" मग स्टेअरिंग निघालं डावीकडे, रहदारी उजवीकडून आणि क्लच तर नव्हताच. बिनकामाचा झालेला डावा पाय त्यांनी देवळात बसल्यासारखा मांडीखाली घेतला. वळायचं म्हटलं की दिव्याऐवजी वायपर सुरू व्हायचा. दर चौकात "उजवीकडून, उजवीकडून" म्हणायचं काम अक्काकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे होतं. एकदा तिला डुलकी लागली, तर दाजींनी गाडी कडेला घेऊन तिला उठवलं. "तू झोपलीस तर मी कुणाच्या भरवशावर चालवू?"

शेवटच्या दिवशी आम्ही डोंगरातल्या एका गावाहून मस्कतला परतत होतो. संध्याकाळचं विमान होतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नांदेडला माझ्या मुलाचा साखरपुडा. वाटेत एक वादी आडवी आली. वादी म्हणजे आपल्याकडचा कोरडा ओढा; रस्ता तिच्या पात्रातूनच पलीकडे जातो आणि कडेला पाण्याची खोली दाखवणारे लाल-पांढरे खांब असतात. जाताना तिथं नुसते गोटे होते. आता घोट्याएवढं पाणी वाहत होतं. डोक्यावर लख्ख ऊन, पण दूर डोंगरावर काळं झालं होतं.

दाजींनी गाडी थांबवली आणि काच खाली केली.

"दाजी, चला ना! घोट्याएवढं तर पाणी आहे," मी म्हणालो.

"हाव. आता घोट्याएवढं हाय."

"विमान जाईल!"

"सर, गप बसा. पाणी बदलायलंय."

मघाचं नितळ पाणी खरंच गढूळ होत होतं, त्यात काड्या दिसत होत्या. माझी बायको रडवेली झाली. मी चिडून म्हणालो, "तुम्हाला जमत नसेल तर मी चालवतो." दाजींनी गाडी थोडी मागे घेतली आणि रस्त्यावर चक्क आडवी लावली.

मागे एक पिकअप येऊन थांबली. आत लांब दाढीचा माणूस, शेजारी बायको आणि दोन लहान मुली. त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो उचलेना. शेवटी उतरून ओरडत आला. दाजी खाली उतरले, दोन्ही हात पसरून रस्त्यात उभे राहिले आणि खणखणीत लातुरी मराठीत म्हणाले, "न्हाई जायाचं! लेकरं हायेत गाडीत!" त्यानं दाजींचा दंड धरून त्यांना बाजूला ओढलं. परक्या मुलखात आता पोलीस येणार, असं वाटून मी खाली उतरलो. अक्का दार उघडून धावली.

तेवढ्यात आवाज आला. आधी वाटलं, मागून ट्रक येतोय. मग वरच्या वळणावरून तांबूस पाण्याची भिंत वळली. बाभळीसारखं एक आख्खं झाड उभंच्या उभं वाहत आलं. बघता बघता ते लाल-पांढरे खांब दिसेनासे झाले.

दाढीवाल्याचा हात दाजींच्या दंडावर तसाच होता, फक्त पकड सुटली होती. तो काही पुटपुटला, मग गाडीकडे जाऊन थर्मास आणि खजूर घेऊन आला. दाजी दगडावर बसले. त्यानं कॉफी ओतून छोटा कप त्यांच्या हातात दिला.

"अहमदपूरच्या अलीकडं असाच नाला होता," दाजी पाण्याकडे बघत म्हणाले. "मुहूर्त टळत चालला होता. सगळं वऱ्हाड ओरडू लागलं, घाला गाडी. मी घातली. निघाली बी. नवरीच्या बापानं मला फेटा बांधला. मागं एक दूधवाला होता, फटफटीवर. बस गेली, मग आपण बी जाऊ, असं वाटलं असंल त्याला." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "माझ्यामागं आला तो, सर. फेटा डोक्यावर असताना कळलं मला, तो वाहून गेला ते."

"मला कधी बोलला न्हाईत," अक्का म्हणाली. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती.

"काय बोलू? रेणापूरकडं गाव हाय त्याचं. तिकडचं भाडं मी पुन्हा घेतलं न्हाई."

पाणी उतरायला संध्याकाळ झाली. विमान गेलं. दुसऱ्या दिवशीच्या विमानानं आम्ही निघालो आणि साखरपुडा एक दिवस पुढे ढकलावा लागला. त्यात दाजी व्याह्यांच्या गाडीखाली डोकावून आले, पण मला हसू आलं नाही.

महिन्याभरानं अक्का त्यांना घेऊन त्या दूधवाल्याच्या गावी गेली. काय बोलणं झालं, हे मी दाजींना विचारलं नाही. अक्काला फोनवर विचारलं.

"पोरं मोठी झालीत त्याची," ती म्हणाली. "ह्यांनी दारातच उभ्यानं सगळं सांगितलं. त्याच्या बायकोनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, उन्हातून आलात, आत येऊन बसा."