शिळा रेडिओ

घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, हे बाबा आमच्या अख्ख्या जूचंद्र गावाला दर आठवड्याला नव्यानं सांगायचे. त्यात मला रेडिओ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली आणि एका शनिवारी मी डिजिटल संच घरी आणला. मीडियम वेव्हवर नेहमीच्या प्रसारणासोबत तेव्हा डिजिटलचीही चाचणी चालू होती. आमच्या गावात ते लागतं का, एवढंच मला बघायचं होतं. बाबांनी मात्र आळीला आवतण दिलं. "उद्या मॅच आमच्याकडं. पोरीनं रेडियोची खरखर काढून टाकलीय."

रविवारी अंगण भरलं आणि संच मुका. जुना रेडिओ कुरकुरत का होईना, बोलतो. डिजिटलचं तसं नाही; सिग्नल पुरला तर स्वच्छ, नाहीतर चिडीचूप. विजेच्या वस्तू सिग्नल बिघडवतात म्हणून मी आईचा मिक्सर बंद केला, ट्यूबलाइट बंद केली, एरियलची वायर शेवग्यावर टाकली. आवाज आला, तो असा की कॉमेंट्री करणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू यावा. बाबा असे बघत होते, जणू तो श्वास त्यांनीच त्याला दिला होता.

तेवढ्यात कुंपणापलीकडून, आपला जुना रेडिओ घेऊन ओट्यावर बसलेले शेजारचे काका म्हणाले, "गेला. आउट."

आमच्या संचातला बोलर अजून धावतच होता. मग त्यानं बॉल टाकला, आणि आमच्याकडंही बॅट्समन आउट झाला.

"डिजिटलला आवाज जुळवायला काही सेकंद लागतात काका," मी समजावलं.

"म्हंजे बाय, तुझा रेडियो शिला हाय."

आमच्या घरच्या बोलीत ळ नसतो, पण शिळेपणा सगळ्यांना बरोबर पोचला. "शिली भाकर तरी चटनीसंगं खाता येते," काकींनी भर घातली. पुढं प्रत्येक चौकार काका आधीच सांगत गेले आणि माणसं एकेक करून त्यांच्या ओट्याकडं सरकली. बाबा खुर्चीत एकटे. मला संचाचं काही नव्हतं. उद्या नाक्यावर बाबांचं काय होणार, याचीच धास्ती.

शेवटचा बॉल, चार रन हवे. काकांच्या रेडिओतून आलं, "उंच मारलाय, आणि..." आणि खर्रर्र. काका रेडिओला थपडा मारतायत, खरखर थांबेना. जिंकलो की झेल गेला, कुणालाच कळेना.

बाबा उठले. "इकडं या रे. आपल्याकडं अजून बॉल टाकायचाय."

सगळा ओटा कुंपणावर आला. काकांचा एक पाय अलीकडं, एक पलीकडं. आमच्या संचातला बोलर धावला, स्वच्छ. बॅटचा आवाज, स्वच्छ. "आणि सिक्स."

त्यानंतर अंगणात जो दंगा झाला, त्यात पुढचं स्वच्छ प्रक्षेपण कुणालाच ऐकू आलं नाही. कुंपणावर अडकलेले काका तेवढे ओरडत होते, "शिला असूंदे, पन ताजा लागला." बाबा मात्र मिक्सर चालू करा म्हणत होते, सगळ्यांना सरबत पाजायचं होतं.