लग्नाच्या व्हिडिओची केस

आसेगावचे ते गृहस्थ पहिल्यांदा माझ्या वाशीमच्या ऑफिसात आले, तेव्हा बोलत होता तो त्यांचा मुलगा. गृहस्थ पोस्टातून निवृत्त झालेले, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. मुलगा तिशीतला, कारंज्याला एका खासगी कंपनीत नोकरीला. त्यानं सगळी हकिगत एका दमात सांगितली. बहिणीचं लग्न मंगरूळपीरला एका मंगल कार्यालयात झालं. फोटोग्राफरनं अल्बम दिला, व्हिडिओ मात्र दिला नाही. आज देतो, उद्या देतो करत वर्ष काढलं आणि शेवटी सांगितलं की मेमरी कार्ड खराब झालं, त्यातलं सगळं गेलं.

"कार्ड गेलं म्हणजे गेलंच, मॅडम," मुलगा म्हणाला. "आता भरपाईचं काय ते पाहा."

माझ्याकडे ग्राहकांच्या तक्रारी येतात. भांडायला आलेला माणूस ज्याच्यावर केस करायची त्याचा बचाव आपल्याच तोंडानं कधी मांडत नाही. मी मुलाला थांबवलं आणि वडिलांना विचारलं, तुम्हाला नेमकं काय पाहिजे?

ते म्हणाले, "भरपाई मले नको. हळदीत तिनं गाणं म्हटलं होतं. तेवढं भेटलं पाहिजे."

ती म्हणजे त्यांची बायको. मुलीच्या लग्नानंतर काही महिन्यांतच मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. फोटो होते, पण आवाज कुठेच नव्हता. नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये हळदीच्या व्हिडिओचे तुकडे होते, त्यांत नुसता डीजे वाजत होता. फोटोग्राफरनं मात्र गाणं ऐकून तिच्या पदराला छोटा माईक लावला होता, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

खरं सांगायचं तर मी त्यांच्यावरही लगेच विश्वास ठेवला नाही. "भरपाई नको" म्हणणारे पुष्कळ अशील मी पाहिलेत. निकाल जवळ आला की त्यांची भाषा बदलते. वकीलपत्रावर सही घेतली आणि फोटोग्राफरला नोटीस पाठवली.

वकिलामार्फत उत्तर आलं: तांत्रिक कारणानं कार्ड निकामी झालं, यात आमचा निष्काळजीपणा नाही. कार्ड आता कुठं आहे, ते कुणाला दाखवलं, यावर एक अक्षर नाही. फ्रिज थंड होत नाही तर दोष व्होल्टेजचा, बियाणं उगवलं नाही तर दोष पावसाचा, आणि व्हिडिओ नाही तर दोष कार्डाचा. अशा उत्तरांत दोष नेहमी हजर नसलेल्याचा असतो. आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली.

पहिल्या तारखेला फोटोग्राफर आला. एकट्यानं दुकान चालवणारा पोरगेलासा माणूस, सारखा रुमालानं मान पुसत होता. त्या दिवशी काम काही झालं नाही. बाहेर आले तर समोरच्या टपरीवर तो आणि माझ्या अशिलाचा मुलगा एकाच बाकावर बसून चहा पीत होते. मला पाहून मुलानं कप खाली ठेवला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, "वळखीचा निघाला, मॅडम."

वाशीम जिल्ह्यात कोण कुणाच्या ओळखीचा निघत नाही? विरुद्ध पक्षासोबत चहा पिणं गुन्हा नाही. पण मी विचारलं नव्हतं, तरी त्यानं खुलासा केला होता.

पुढच्या तारखेला आयोगाच्या सदस्यांनी फोटोग्राफरला विचारलं, ते कार्ड आत्ता कुठं आहे? त्यानं आपल्या वकिलाकडे पाहिलं नाही. माझ्या मागं उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं आणि मग म्हणाला, सापडत नाही. खराब झालेलं कार्ड आता हरवलंही होतं.

मला वाटलं, मुलगा फुटला. असं होतं. घरचाच कुणी समोरच्याकडून काहीतरी पदरात पाडून घेतो आणि केस आतून पोखरली जाते. मी वडिलांना सुचवलं, पुढच्या वेळी एकटेच या. ते म्हणाले की मोतीबिंदूमुळे एसटीची पाटी वाचता येत नाही, मुलगा आणतो तेव्हाच येणं होतं. मग मी मुलासमोर बोलणं कमी केलं. तो फोनवर विचारायचा, "आता पुढं काय करून राह्यल्या?" आणि मी म्हणायचे, बघू.

शेवटी मी अर्ज तयार केला. कार्ड शोधून आयोगात जमा करावं आणि तज्ज्ञाकडे तपासायला पाठवावं, कारण खराब किंवा पुसलेल्या कार्डातूनही बरंच काही परत काढता येतं. हा अर्ज मात्र मी दोघांना समोर बसवून मुद्दाम मोठ्यानं वाचला. वडिलांचा चेहरा उजळला. मुलानं पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकटा आला आणि बराच वेळ उभाच राहिला. मी बस म्हटल्यावर बसला.

"तो अर्ज नका देऊ, मॅडम."

मी म्हटलं, फोटोग्राफरनं किती दिले?

त्यानं इतक्या गोंधळून माझ्याकडे पाहिलं की आपला नेम चुकला हे मला कळलं. मग त्यानं सांगितलं. लग्नाच्या दिवशी स्टेजवर फोटोंची घाई चालली होती. नवरदेवाकडची मंडळी ताटकळली होती. आणि आई आपल्या गरीब बहिणीला, तिच्या लेकरांना हाताला धरून पुन्हा पुन्हा स्टेजवर आणत होती. तो सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडला. तुले काही समजते काय, गावंढळासारखी नाचून राह्यली, बस एका जाग्यावर, असं काहीबाही. कॅमेरा सुरू होता. ती खाली उतरली ती पुन्हा स्टेजवर चढली नाही. घरच्यांच्या शेवटच्या फोटोत ती नाही.

"माय गेली तवा मीच त्याले म्हटलं, सारं उडवून टाक. बाबा ते पाहतीन तर..."

मी विचारलं, उडवलं का खरंच?

"तो म्हणते उडवलं. मले वाटते त्याच्यापाशी हाय."

त्याचे डोळे भरले होते, तरी हीदेखील एखादी युक्ती असेल ही शंका मी सोडली नाही. मी त्याला एवढंच सांगितलं, की माझे अशील तुझे वडील आहेत, तू नाहीस. तारखेच्या आत तूच त्यांना सांग. नाहीतर मी सांगेन आणि अर्जही देईन.

तारखेला दोघं आले. वडील आयोगाच्या व्हरांड्यात बाकावर बसले, मुलगा दूर कठड्याशी उभा राहिला.

"यानं सांगतलं मले," वडील म्हणाले. "पण मी मंडपातच होतो ना, मॅडम. समदं ऐकलं होतं. ती त्या दिवशी जेवली नाही, तेही मले माहीत हाय. याले मी कधी बोललो नाही."

मी विचारलं, मग अर्ज देऊ?

"द्या. मले गाणं पाहिजे."

अर्ज दाखल झाला आणि त्यावर आदेश होण्याआधीच फोटोग्राफरच्या वकिलाचा फोन आला, कार्ड एका ड्रॉवरमध्ये सापडलं. मला नवल वाटलं नाही. मी बजावलं, काटछाट न करता पूर्ण चित्रीकरण द्यायचं आणि तसं लिहून द्यायचं. त्यांनी लिहून दिलं.

आम्ही ते माझ्या ऑफिसातल्या संगणकावर पाहिलं. मुलगा आत आला नाही. हळदीत बायकांच्या गराड्यात ती बसली होती, बुटकी, गालांना हळद. आवाज जाडसर होता, पण सुरात. मध्येच एक ओळ विसरली, शेजारणीनं आठवण दिली, ती खळखळून हसली आणि पुढं गायला लागली. गृहस्थ खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसले.

मग लग्नाचा दिवस आला. स्टेजवर गर्दी, ती बहिणीचा हात धरून पायऱ्या चढतेय, आणि एकदम पंगतीत वाढलेल्या ताटाचं दृश्य. मी थांबवलं. मधला भाग काढलेला होता. मी सांगितलं, लिहून देऊनही त्यांनी कापलंय, आपण हे आयोगापुढं ठेवू शकतो.

"राहू द्या," ते म्हणाले. "मागं घ्या. गाण्यापाशी."

तडजोडीची पुरशीस, म्हणजे तसं लेखी निवेदन, आयोगाला देऊन केस संपली. फोटोग्राफर व्हरांड्यात भेटला, तेव्हा मी मधल्या भागाचं विचारलं. कार्डातून तेवढंच निघालं, असं त्यानं शपथेवर सांगितलं. मी विश्वास ठेवला नाही. त्यानं आपल्या मनानं कापलं की मुलानं पुन्हा सांगितलं, हे मला आजही माहीत नाही.

काही आठवड्यांनी गृहस्थांचा फोन आला. गाणं मुलीच्या मोबाइलवर कसं पाठवायचं ते त्यांना हवं होतं. मी सांगितलं आणि मुलाची चौकशी केली.

"येते ना दर रयवारी," ते म्हणाले. "दोघं बसून ऐकतो."

खरंच दोघं ऐकत असतील का, अशी शंका मला आली. मी ती बोलून दाखवली नाही.